छत्तीस फोटो आणि एक वेणी

“छत्तीस फोटो, अन् एकातबी पोरीचं तोंड नाय,” हिरामणभाऊजी पुटपुटले. मला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी माझ्या कानाशी.

त्यांच्या हर्षालीचा फोटो सटाण्याच्या स्थळाला रविवारपर्यंत पोचवायचा होता. स्टुडिओवाला नको, काकूच काढेल, असं पोरीनंच सांगितलं, आणि घराला एकदम माझ्या कलेची आठवण झाली. एरवी तिला ‘रोल वाया घालवणं’ म्हणतात. रद्दीतल्या मासिकांवरून शिकले मी. पत्र्याची सावली, ताडपत्रीच्या घड्या, क्रेटच्या जाळीतून सांडलेलं ऊन, असलंच टिपते. एकदा पेपरात छापूनही आलं. उलटं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या दिवशी माझ्याही नाही.

तर रोल धुऊन आला. क्रेटच्या चौकोनांवर हर्षालीची तिरकी वेणी. कोल्ड स्टोरेजच्या पांढऱ्या दारावर तिची निम्मी सावली. द्राक्षाच्या मांडवाखाली नुसता ओढणीचा पट्टा. मी समजावलं, रेषा बघा, रिकामी जागा बघा, कॉम्पोझिशन म्हणतात याला. जाऊबाई मीनानं रिकामी जागा बघितली आणि ती चहा टाकायला गेली. सासूबाई म्हणाल्या, वेणी छान आलीये. हर्षाली कोपऱ्यात शेंगा सोलत होती. सोललेल्याच परत सोलत होती.

खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन फोटो काढताना मी तिला “इकडे बघ” म्हणाले होते. दर वेळी तिनं पाठ फिरवली. मग मी म्हणायचंच सोडलं. उजेड सुंदर होता, असं मी स्वतःला सांगितलं.

भाऊजी वीस वर्षं पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडतात. त्यांचं म्हणणं, एकेक घड हातात घेऊन काही कळत नाही, ओळीत मांडल्यावर माल बोलतो. त्यांनी कपबश्या सरकवल्या आणि पाठवण्याजोगा एखादा तरी सापडेल म्हणून छत्तीसच्या छत्तीस फोटो, ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं, खाटेवर मांडले. पहिल्या ओळीत पोरगी अर्धी वळलेली. दुसरीत पाठमोरी. तिसरीत दूर, आणखी दूर. शेवटच्या फोटोत मोकळं अंगण आणि कडेला एक टाच.

भाऊजींचा हात त्या टाचेवर थांबला. शेंगा सोलायचा आवाजही थांबला.

“वहिनी, तुमचा फोटो बरोबर हाय,” ते म्हणाले. आणि मान वर न करता, “हिला हे लग्न नाय करायचं.”