गोड्या पाण्याची बोट

तांब्या अर्धाच. शेवंतीचे देठ खुडून काळी पडलेली बोटं धुताना सविताला तो दिसला — हंडा काठोकाठ आहे, विहीर भरलेली आहे, आणि हात आपसूक अर्ध्यावर थांबतो... ही नवऱ्याची, चंदरची खोड, आता तिच्याही हाताला लागलेली. नौदलाच्या पाण्याच्या बोटीवर खलाशी. वर्दी नाही, बंदूक नाही. समुद्रात उभ्या असलेल्या लढाऊ जहाजांना गोडं पाणी नेऊन द्यायचं, पाइप जोडायचा, रिकामं होऊन परत फिरायचं. बोटीच्या पोटात एवढं पाणी, पण बोटीवरच्यांनी मात्र जपून वापरायचं. सुट्टीला मखमलाबादला आला तरी अर्ध्या तांब्यात तोंड, हात, पाय. "विहिरीला काय कुलूप हाय का?" म्हणून ती हसायची. हसायची — आता दोन हजार दोनची संक्रांत होऊन गेली, सीमेवर ताणाताणी, त्याचा फोन नाही, आणि बोट कुठे आहे ते कुणी सांगत नाही.

वेण्यांची पाटी घेऊन ती देवळात आली. कुसाकाकूंनी जवानांच्या बायकांसाठी हळदीकुंकू ठेवलं होतं. परवा वेण्यांचं सांगायला त्या आल्या तेव्हा सविताने धीर करून म्हटलं होतं, "काकू, आमचे हे पण तिकडंच हायेत."

"अगं, ये की! सवाष्ण बाई तू, कुंकवाला नाही कोण म्हणेल? पण ओटी जवानांच्याच बायकांची. चंदर काय, पाणी पोचवतो ना?"

पाणी पोचवतो! आणि तुमचे जवान काय खारं पिऊन लढणारेत? — हे अगदी ओठांवर आलं होतं. पण काकूंकडे वर्षभर फुलं जातात. मी काय पालखी मागत होते? एक खण, एक नारळ... कुणीतरी एकदा म्हणावं, हिचाही नवरा तिकडे आहे, हिचाही जीव टांगणीला लागलाय. राग येतो, आणि खणासाठी राग येतो याची लाज वाटते.

"सविता, जरा पाणी दे गं सगळ्यांना. भागीबाई आलीच नाही बघ."

म्हणजे हेच उरलं होतं. कळशी आपटावी आणि चालू पडावं — पण समोरच्या बाईने पेला पुढे केलाच होता. नांदगावहून सकाळच्या एसटीने आलेली, नवरा जम्मूला, ओठ सुकलेले. सविताने ओतलं. ती गटागटा प्यायली, पेला पुन्हा पुढे धरला; वर पाहिलंच नाही. तिच्या शेजारणीनेही नाही. पाणी देणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं?

पाइप सोडवतोस तेव्हा जहाजावरून कुणी खाली बघतं का रे? हात करतं? की तुलाही असाच राग येतो, आणि तो गिळून तू... इतक्या वर्षांत हे विचारलंच नाही. फोन आला की कधी येणार, एवढंच.

मागे ओट्या भरायला सुरुवात झाली. "तूही पी गं," काकू तिकडूनच म्हणाल्या.

तिने पेला घेतला. कळशीत पाणी भरपूर होतं. हात अर्ध्यावर थांबला, आणि या वेळी तिने तो थांबू दिला.