शिंपीकाकांचा हेल

शिंपीकाकांना अर्धांगाचा झटका आला त्याला दीड महिना झाला, तरी तोंडून एक शब्द फुटला नव्हता. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी वही मिटली.

"काकू, आज काही निघालं नाही, तर मी हे व्यायाम थांबवते. तुम्हाला उगाच आशा लावून ठेवणं बरं नाही."

घरात बडबड करणारे काका, आणि काकू त्यांची नक्कल करणाऱ्या. गडी परमुलखातला. छत्तीस वर्षं इथली भाषा बोलला, पण जीभ काही इथली झाली नाही. प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलायचा, जोडाक्षर आलं की मध्ये एक स्वर घुसडायचा. गिऱ्हाइकं गालात हसायची. काकू तर तोंडावर हुबेहूब करून दाखवायच्या. दवाखान्यात मात्र, बाईंच्या सांगण्यावरून, काकू, नर्स, सगळ्याजणी काकांशी अगदी शुद्ध, सावकाश बोलत होत्या.

"घरी कसे बोलायचे हो ते?" बाईंनी सहज विचारलं.

काकू ओशाळल्या. आजारी माणसाची नक्कल म्हणजे पापच. पण अडला हरी. खाली मान घालून त्यांनी काकांच्याच हेलात म्हटलं, "बाही जरा सैल ठेवू का, साहेब?"

काकांनी झटकन मान वळवली. ओठ थरथरले आणि एक शब्द बाहेर पडला, लांबलचक, शेपूट वर उचललेला. इथल्या भाषेतला तो नव्हता.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"मला नाही माहीत," काकू म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. छत्तीस वर्षं या माणसाची जीभ परक्या शब्दांतूनही आईच्या भाषेची चाल जपत होती. आपण ती चाल तोंडपाठ केली, हसलो, आणि ती कुठली, हे एकदाही विचारलं नाही. त्यांना रडू आलं, पण डोळे पुसत त्यांनी तो शब्द म्हणून पाहिला.

काकांनी मान हलवली. चुकलं.

काकूंनी पुन्हा म्हटला. जीभ आपल्या सवयीच्या जागी जाऊन आपटली. परत चुकलं. काकांच्या ओठांचा एक कोपरा हसला. त्यांनी धड असलेला हात उचलून काकूंची हनुवटी हलकेच खाली ओढली, तोंड किती उघडायचं ते दाखवलं, आणि तो शब्द त्यांच्यासाठी सावकाश, फोड करून म्हटला.