दाखवायजोगी पोर

मी धामणगाव बढ्याची. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि दिराच्या घरात भाकरीसोबत बोलणीही खायची वेळ आली. त्या सुमारास नागपूरला सुइणींचा सरकारी वर्ग निघाला होता. विधवांना राहणं-जेवण फुकट. मामांनी अर्ज लिहून दिला, आणि दीड वर्षानं मी नर्स कोकिळाबाई होऊन मलकापूरच्या बालसंगोपन केंद्रात रुजू झाले. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चालायचा; आमचे हुकूम, आमचा वजनकाटा, सगळं नागपूरहून यायचं. सरकारी मदतीनं मी उभी राहिले होते. म्हणून पुढचं सांगताना जीभ जड होते.

केंद्र जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. वीस गरीब बाळांना रोज पावशेर दूध मिळायचं. त्यांच्या आया बहुतेक जिनात कापूस निवडणाऱ्या. दर बुधवारी मी बाळांचं वजन करून कार्डावर लिहायची.

त्यातली एक जमीला. तिचा नवरा गफ्फार पिंजारी. कापसाच्या धुळीनं त्याची छाती गेली होती, खोकल्यानं तो खाटेवरच असायचा. त्यांची मुलगी खैरुन्निसा नऊ महिन्यांची, वजन साडेदहा रत्तल, म्हणजे जेमतेम पाच शेर. मान बारीक, पोट पुढे, चेहऱ्यावर डोळेच तेवढे मोठे. पण चार महिन्यांपूर्वी जमीलानं तिला पहिल्यांदा आणलं तेव्हा ती सात रत्तल होती आणि रडायलाही तिच्यात जोर नव्हता. त्या कार्डावरची चढती रेघ हीच खरी माझी कमाई होती. मला मात्र ती दिसली नाही. मला बारीक मान दिसायची.

माघात पत्र आलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाई तपासणीला येणार, त्या दिवशी बाळांचं प्रदर्शन भरवावं, सुदृढ बाळाला बक्षीस द्यावं. डॉक्टरीणबाई म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्याच.

केंद्राच्या कमिटीचे चिटणीस वामनराव वकील पत्र घेऊन आले.

"नर्सबाई, काटकुळी पोरं पुढं करून आपली अब्रू घालवू नका. आमच्या पुष्पाबाईचं बाळ पाहिलं ना? ते ठेवा पहिल्या रांगेत."

पुष्पाबाई म्हणजे कापसाच्या अडत्याची सून. तिच्या घरी दोन म्हशी. तिचं बाळ केंद्राची पायरी कधी चढलं नव्हतं.

"पण ते आपल्या यादीत नाही," मी म्हटलं.

"यादी तुमच्याच हातात आहे ना?"

मी नाही म्हणू शकले असते. वामनरावांनी फार तर तोंड वाकडं केलं असतं. पण खरं सांगते, माझ्याच मनात ते होतं. आपल्या गुरूसमोर खैरुन्निसाला उचलून धरायची मला लाज वाटत होती. मी पुष्पाबाईच्या बाळाचं नवं कार्ड केलं, त्यावर सहा महिन्यांची वजनं मनानंच भरली, आणि सगळ्यात रोडक्या सहा बाळांच्या आयांना सांगितलं, "शुक्रवारी येऊ नका. दूध शनिवारी मिळेल."

शुक्रवारी केंद्राला तोरण लागलं. डॉक्टरीणबाई आत बसल्या होत्या, तेवढ्यात दारात जमीला दिसली. तिनं पोरीला न्हाऊ घातलं होतं, डोळ्यांत काजळ भरलं होतं, गफ्फारच्या जुन्या सदऱ्याचं झबलं शिवून घातलं होतं. मी घाईनं बाहेर गेले.

"आज येऊ नको म्हटलं होतं ना तुला?"

"बाई, म्या आयकलं बाळायचं पाहनं हाय. म्हनून आनली."

"ते निवडलेल्या बाळांचं आहे. तू जा."

"काऊन? माही पोरगी बाळ नाही का?"

मी तिच्या दंडाला धरून तिला पायरीवरून खाली उतरवलं. खिडकीतून डॉक्टरीणबाईंनी मान वळवून पाहिलं, म्हणून मी हसलेसुद्धा. दूध न्यायला आलेल्या दोन बायका बाजूला उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

आत बक्षीस पुष्पाबाईच्या बाळाला मिळालं. डॉक्टरीणबाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, "केंद्राचंच दूध ना हे?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

महिन्यानं हुकूम आला. मलकापुरातल्या बाळांची प्रकृती समाधानकारक आहे. सबब येथील दूध बंद करून ते सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूरकडच्या गावांना द्यावं, तिथे हाल जास्त आहेत. मलकापूरला फक्त वजन आणि सल्ला. हुकमात चूक काहीच नव्हती. मी जे सांगितलं त्यावरून कोणीही हेच ठरवलं असतं.

वामनराव म्हणाले, "लिहून आपणच दिलं. आता कोणत्या तोंडानं मागायचं?"

दूध बंद झालं. आया दोन-चार दिवस रिकामी भांडी घेऊन आल्या, मग यायच्या थांबल्या. पंधरा दिवसांनी मीच जमीलाच्या घरी गेले, लोटीत दूध घेऊन. खैरुन्निसा खाटेवर पडली होती, गाल पुन्हा आत गेलेले. जमीलानं लोटीकडे पाहिलंही नाही.

"ठेवू नका बाई. पोरगी दाखवायजोगी झाली का मंग घेऊन येईन."

खाटेवरून गफ्फार हळूच म्हणाला, "जिनातल्या बाया हिच्याशी बोलत नाहीत, बाई. म्हनतात, मरतुकडी पोरगी घेऊन ही दारात गेली, मोठ्या बाईनं खिडकीतून पाह्यलं अन् नाराजीनं साऱ्यायचं दूध तोडलं."

आपलं पाप दुसऱ्याच्या पदरात पडलेलं मी तिथे, त्या खाटेशी उभी राहून ऐकत होते. आणि जमीलाचाही त्यावर विश्वास बसला होता. तिला खरंच वाटत होतं की तिच्या पोरीमुळे दूध गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिनाची सुट्टी झाली तेव्हा मी फाटकाशी उभी राहिले. बायका बाहेर आल्या.

"दूध जमीलामुळे बंद नाही झालं," मी मोठ्यानं म्हटलं. "मी अडत्याचं बाळ केंद्राचं म्हणून दाखवलं. खोटं लिहिलं. तुमची बाळं लपवली. मोठ्या बाईंना वाटलं, इथं सगळे सुखात आहेत."

गोजरबाई नावाची म्हातारी, जिच्या नातवाचं नाव यादीत होतं, ती जवळ आली. "तूबी रांडमुंड हायेस ना व? सरकारच्याच भाकरीनं शिकली ना? तुले बी लाज वाटली आमची?"

मी खाली पाहिलं. गर्दीत मागे जमीला होती. ती पुढे येऊन एवढंच म्हणाली, "मंग दूध कवा सुरू होईन?"

मी केंद्रात परतले आणि कागद काढला.

त्याच दिवशी मी डॉक्टरीणबाईंना सगळं लिहिलं. खोटं कार्ड आणि खैरुन्निसाचं खरं कार्ड, दोन्ही सोबत पाठवली. उत्तर यायला पाच आठवडे लागले. संग्रामपूरकडचं दूध काढता येणार नव्हतं. मलकापूरला वीसऐवजी बारा बाळांची नवी तजवीज झाली होती. माझी एक वर्षाची बढती थांबली आणि बदली मेहकरला झाली. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या: सातावरून साडेदहावर आलेलं बाळ मला दाखवलं असतं, तर मी तीसजणांचं दूध मागितलं असतं.

मेहकरला जाण्याआधी बारा नावं मलाच निवडावी लागली. उरलेल्या आठ आयांच्या घरी जाऊन मी स्वतः नकार सांगितला. गोजरबाईचा नातू त्या आठांत होता. खैरुन्निसाचं नाव मी पहिलं लिहिलं, पण तिला घेऊन गफ्फार आला, खोकत, भिंतीला धरत धरत. नऊ रत्तल भरली. जमीला रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली होती. मी हात जोडले. तिनं पाहिलं आणि पदर सावरून जिनाच्या वाटेला लागली.