पाहुणीला नाही कसं म्हणायचं

विद्यार्थिनींच्या अदलाबदलीत आयनो फिनलंडहून आमच्या नर्सिंग कॉलेजात आली, तेव्हा सुजाता मॅडम मला म्हणाल्या, "त्रिवेणी, हिला सांभाळ. नीट सांभाळलंस तर डिसेंबरात तिकडे जायची जागा तुझी." झालं! तेव्हापासून मी तिची सावली. वॉर्डातलं मराठी, तेलुगू, दखनी सगळं तिला इंग्रजीत सांगायचं, आणि वर माझं काम तसंच उभं.

बरकतपुऱ्याच्या गंगूआजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आयनो रोज माझ्याकरवी विचारायची, पाय दुखतोय का? आजी हात जोडून हसायच्या. "नाही गं माय, काही काळजी नाही." तिची पाठ वळली की कण्हायला लागायच्या.

"आजी, तिला खरं सांगा की!"

"इतक्या लांबून आलंय लेकरू. तिला आपलं रडगाणं ऐकवायचं? बरं दिसतं का ते?"

मी आयनोला समजावलं, आमची माणसं पाहुण्यांना दुखणं सांगत नाहीत, आजींचं 'बरं आहे' खरं धरू नकोस. ती म्हणाली, पेशंट स्वतः सांगतेय, तिच्यावर अविश्वास दाखवणारी तू कोण? असं डोकं फिरलं माझं!

शुक्रवारी सकाळी आजींनी चहा नको म्हटला. आजींनी, चहा! आयनोने पाय बघू का विचारलं, तर चादर घट्ट धरून म्हणाल्या, "नको, छान आहे." आयनो निघाली पुढच्या खाटेकडे. मला राहवेना. मी आजींच्या हातातून चादर ओढलीच. पोटरी टम्म सुजलेली, लाल, हात लावला तर गरम. डॉक्टरांना बोलवायला धावले. रक्ताची गुठळी निघाली. वेळेत कळलं म्हणून आजी वाचल्या.

आयनोने मॅडमना सगळं सांगितलं. सूज त्रिवेणीने ओळखली, हेही; आणि पेशंट नको म्हणत असताना तिने चादर ओढली, हेही. चहाडी नव्हे हं, मला सांगूनच गेली. त्याचाच जास्त संताप आला.

"तिकडे जाऊन असं केलंस तर कॉलेजची अब्रू जाईल," मॅडम म्हणाल्या. जागा माझ्या वर्गातल्या मानसीला गेली. मानसीला! जिला नकाशात फिनलंड सापडायचं नाही. बाथरूममध्ये जाऊन मी ढसाढसा रडले.

घरी जायच्या दिवशी आजींनी मला जवळ बोलावलं. डिसेंबरातल्या जागेचं मी त्यांना आधीच सांगून बसले होते. मुलाकडून अफझलगंजच्या बाजारातून जाड लोकरीची शाल मागवली होती. ती माझ्या खांद्यावर टाकत म्हणाल्या, "तिकडं बर्फ पडतो म्हणे. जायचं पक्कं झालं ना गं तुझं?"

त्यांचे डोळे नुसते चमकत होते.

"हौ आजी, पक्कं," मी हात जोडून हसले. "काही काळजी नाही."