दोघींनी घासलेली मोरी

साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. दोघी जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं, त्याला पाच महिने झाले होते. कारण विचाराल तर मोरी. मोरी एक आणि संसार दोन. थोरलीचा जीव ॲसिडवर, धाकटीचा ब्लीचिंग पावडरवर. "फरशीत तोंड दिसायला हवं," असं थोरली म्हणायची. "तोंड बघायला आरसा आहे की," असं धाकटी एकदा बोलून गेली आणि तिथेच बिनसलं.

त्या दिवशी सकाळी धाकटीने मोरीत पावडरचं दाट पाणी पसरलं आणि भिजेपर्यंत ती कांदा चिरायला बसली. तेवढ्यात थोरली ॲसिडची बाटली घेऊन मोरीकडे निघालेली दिसली. सांगावं असं धाकटीच्या मनात आलं. पण आधी बोलायचं कुणी? तिने मान खाली घातली.

मोरीचं दार लागलं. थोड्या वेळाने खोकला ऐकू आला. तो थांबेचना. मग बादली आपटली आणि सगळं गप्प झालं.

"ताई!" धाकटीने खांद्याने धडका देऊन कडी उखडली. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं, घसा जळला. श्वास रोखून तिने थोरलीला काखेत धरून फरफटत गॅलरीत आणलं.

"दोन्ही एकत्र झाली की विषारी वायू सुटतो, बाई," दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली. "त्यात दार-खिडकी बंद! छातीला सूज आहे. आठवडाभर बघू."

चौथ्या दिवशी डॉक्टरणीने थोरलीच्या हातात प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं. तीन नळ्या, तीन चेंडू.

"हा काय पोरखेळ?" थोरली कशीबशी म्हणाली आणि फुंकली.

"फुंकायचं नाही. आत ओढायचं."

चेंडू हलेना. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पहिला चेंडू थरथरला आणि अलगद उचलला गेला. धाकटी बघतच राहिली. जन्मभर आपण हे आत घेतो, बाहेर सोडतो, त्यावरच हसतो, भांडतो, आणि ते कधी दिसत नाही. इथे ते चेंडू उचलून धरत होतं!

"बघतेस काय? तू ओढ."

धाकटीचे तिन्ही चेंडू खाडकन वर गेले.

"भांडायला दम आहे हो तुला!"

धाकटीला रडू फुटलं. "ताई, मी पावडर टाकली होती. तुम्ही जाताना पाहिलं. सांगितलं नाही."

थोरलीने तिच्या हातातून यंत्र काढून घेतलं. "वास मलाही आला होता," ती म्हणाली. "मी तरी कुठे विचारलं?"

थोरली त्यानंतर तेवीस वर्षं जगली, पण जिना चढताना मध्ये एकदा बसावंच लागे, आणि फोडणीचा धूरही सोसत नसे. तिच्या वाटची फोडणी धाकटीनेच दिली. डॉक्टरीण बदलीवर गेली, तिचा पत्ता लागला नाही. दोघींच्या नवऱ्यांनी घर विकलं. धाकटी आता पंचाहत्तरीला टेकली आहे. शेजारी कुणी मोरी घासायला लागलं, की ती गॅलरीतून ओरडते, "आत आधी काय टाकलंय गं? दार उघड ते!" लोक हसतात. ती उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.