चर्चमधला खोकला

शिकागोत आमची रेडिओवरची मालिका रोज दोनदा व्हायची. सकाळी पूर्वेकडच्यांसाठी आणि तीन तासांनी कॅलिफोर्नियाकडच्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून. रेकॉर्ड वाजवायला बंदी होती, त्यामुळे एकच रडणं दोनदा रडावं लागे. आवाज काढणारा मी. दार, किटली, पाऊस, घोडा, सगळं माझ्याकडे. फक्त स्वतःचा आवाज काढायचा नाही. अकरा वर्षांत मी साधा शिंकलोही नव्हतो.

त्या दिवशी सकाळचा भाग लांबला आणि साबणाची जाहिरात अर्धीच गेली. दिग्दर्शक प्रेस्कॉटचं डोकं फिरलं. एरवी बदल तो ओरडून सांगायचा. आज मालिकेचा खर्च उचलणाऱ्या साबणवाल्यांनी त्याला फोनवर धरून ठेवलं होतं. म्हणून दुसऱ्या प्रयोगाच्या तोंडावर त्याने लाल पेन्सिलीने खोडलेले कागद दारातूनच वाटले.

"तीन ठिकाणी कापलंय. बघून घ्या."

विनिफ्रेड कोलबी, आमची बासष्ट वर्षांची नायिका, कागद घेऊन माइकसमोर उभी राहिली. कागद उलटे होते.

"विनी, उलटे धरलेस," मी कानात म्हणालो.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ऑटो, आठ महिने झाले, मला अक्षर दिसत नाही. बहीण वाचते, मी पाठ करते. कुणाला बोलू नकोस रे. इथून काढलं तर मला कोण उभं करणार?"

मला तिचा रागच आला. एवढी मोठी नटी, आणि चोरासारखी लपून काम करतेय! पण मिनिटभरच उरलं होतं.

"माझा कप वाजला की बोलणं तिथंच तोड. पुढचं वाक्य समोरच्याचं असेल. ते ऐक आणि तिथून चालू लाग."

लाल दिवा लागला. पहिल्या दोन जागा स्वयंपाकघरात होत्या. कप वाजला, विनी थांबली, गाडी सुरळीत पुढे गेली. तिसरी जागा मात्र चर्चमध्ये, मुलाच्या शवपेटीपाशी. तिथे कप कुठून आणू? विनीचं रडणं रंगात आलं होतं आणि खोडलेली ओळ जवळ येत होती.

मी खोकलो. चांगला घसा खरवडून, चर्चच्या मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यासारखा.

विनी थांबली. पाद्र्याचं वाक्य आलं. जाहिरात पूर्ण झाली.

दिवा विझताच प्रेस्कॉट काचेमागून धावत आला. "अकरा वर्षं पगार घेतोस आणि मयतावर खोकतोस? सामान उचल आणि चालायला लाग!"

मी सामान उचलायला वाकलो, तेवढ्यात विनी म्हणाली, "तो माझ्यासाठी खोकला. मला दिसत नाही, मिस्टर प्रेस्कॉट. आठ महिने झाले. काढायचं तर मला काढा."

प्रेस्कॉटने तिच्या हातातले कागद घेतले. अजूनही उलटेच होते, ते त्याने सुलटे केले.

"आठ महिन्यांत तुमचा एक शब्द चुकला नाही," तो म्हणाला. "आणि मी तुम्हाला पेन्सिलीच्या खुणा दाखवतोय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठेव ते सामान."

त्याने खुर्ची ओढली, उद्याचा भाग काढला आणि विनीशेजारी बसून भराभर वाचायला लागला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच विनीने हात वर केला.

"सावकाश, मिस्टर प्रेस्कॉट. शब्द गिळताय."

आम्हा सगळ्यांना रोज फैलावर घेणाऱ्या त्या माणसाने निमूटपणे पहिली ओळ पुन्हा वाचली.