एकसारखी तीस घुबडं

सुलभा पोतनीस मला आवडत नाही, हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिला सगळ्यांत जास्त. एकतीस वर्षं झाली, समोरासमोर घरं आहेत. तिच्या सासऱ्यांचे पणजोबा शिंदे सरकारच्या दफ्तरात होते, हे ती दूधवाल्यालासुद्धा ऐकवते. आमचे हे रेल्वेत गार्ड. भुसावळहून बदली होऊन उज्जैनला आले, फ्रीगंजात घर बांधलं आणि इथेच गेले. आम्हाला ती ‘नोकरीवाली माणसं’ म्हणते. जशी काही तिच्या घरची माणसं हवा खाऊन जगली.

यंदा गणपतीत तिचा नातू अर्णव आला, दहा वर्षांचा, दुबईहून, शाळा बुडवून. त्याच्या गळ्यात एक रुंद फीत आणि फितीवर रंगीत बिल्ले. रॉकेट, डायनासोर, केक, काय वाट्टेल ते. मागे कानातल्यासारखी फिरकी. मुलं त्यांना पिन म्हणतात. तिकडे मुलं हे बिल्ले जमवतात आणि एकमेकांशी बदलतात म्हणे. चार दिवसांत आमच्या कॉलनीच्या मुलांनाही ते वेड लागलं. रोज आरती झाली की मंडपात सतरंजी पडायची आणि मुलं गोल करून बसायची.

सतरंजी सुलभाची, म्हणून नियमही सुलभाचे. फितीच्या पुढच्या बाजूचा बिल्ला बदलायचा, मागच्या बाजूचा आपला ठेवायचा, तो कुणी मागायचा नाही. एकास एक. झालेला सौदा झाला, मग रडायचं नाही. आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याने सतरंजीवर बसायचं नाही.

हा शेवटचा नियम माझ्या घरात कसा आला ते सांगते. मुक्ता, माझी नात, आठ वर्षांची, गणपतीच्या सहाव्या दिवशी आरतीहून पाय ओढत आली.

“सुलभाआजी म्हणाल्या, हात हलवत आलीस न, मग ऊठ.”

“ऊठ म्हणाली?”

“सगळ्यांसमोर.”

माझी सून प्राजक्ता आतून म्हणाली, “आई, मी ऑनलाइन मागवते. पाच-सहा दिवसांत येतील.”

“तोवर गणपती जातील,” मी म्हटलं. उठले, कपाट उघडलं आणि ह्यांचा बिल्ला काढला.

गार्डचा बिल्ला. पितळेचा, जाड, वर चाक कोरलेलं, खाली नंबर. हे होते तोवर रोज ड्युटीवर निघताना मीच कोटाला लावायची. नंतर दर दसऱ्याला चिंचेने घासते, पुसते, परत ठेवते. त्या दिवशी मुक्ताच्या फ्रॉकवर लावला आणि म्हटलं, “जा. त्यांच्या पत्र्याच्या टिकल्या एका बाजूला आणि हा एका बाजूला. मिरवून ये.”

कुणाला देऊ नकोस, असं मी म्हटलं नाही. ते सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही. चूक माझीच. दुसऱ्या कुणी ती काढली असती तर मी ऐकून घेतलं नसतं, म्हणून मीच लिहून टाकते.

तासाभराने पोर उड्या मारत आली. फ्रॉकवर पेंग्विन.

“आजी, ह्याचे डोळे अंधारात चमकतात. अर्णवने स्वतःहून मागितलं, बदलतेस का म्हणून. सगळे बघत होते.”

मी चपला घातल्या आणि समोर गेले.

सुलभा झोपाळ्यावर वाती वळत बसली होती. “या वासंतीवहिनी. आज इकडे कशा?”

“बिल्ला परत द्या.”

“कुठला हो?”

“ह्यांचा. रेल्वेचा. तुमच्या नातवाने माझ्या नातीकडून काढून घेतला तो.”

“काढून कशाला घेईल? त्याच्याकडे काही कमी आहे का? बदलला असेल. मुलांचा खेळ आहे, आपण मोठ्यांनी मधे पडू नये.” मग आत तोंड करून म्हणाली, “अर्णव, बेटा, तो जुना पितळी कुठे ठेवलास?”

पोरगा डबी घेऊन आला. आत मखमल, मखमलीवर ह्यांचा बिल्ला. “हा व्हिंटेज आहे,” तो म्हणाला. “दुबईत माझ्या ग्रुपमध्ये कुणाकडेच असा नाही. मला आवडेल असं काही आणलंत तर देईन. चतुर्दशीला आम्ही जाणार.”

“ऐकलंत?” सुलभा म्हणाली. “झालेला सौदा झाला, वहिनी. आमच्यात शब्द फिरवत नाहीत. दफ्तराची सवय. फारच जीव अडकला असेल तर सांगा, पितळेचा जो काय भाव असेल तो देऊन टाकू.”

“भाव तुमच्याजवळ ठेवा,” मी म्हटलं. “ह्यांनी हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय तुमच्या दफ्तरवाल्यांची गाडी फलाटावरून हलत नव्हती.”

उत्तर चांगलं दिलं. पण बिल्ला तिच्याच घरात राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑटो केली आणि देवास गेटला गेले. पहिल्या दुकानात काचेच्या कपाटात बिल्ले होते, अर्णवसारखेच. पोऱ्याने भाव सांगितला. एका बिल्ल्यात किलोभर तूरडाळ आली असती. मी म्हटलं, “भैया, मुलं खेळणार आहेत, लग्नात आहेर नाही करायचा.” तर म्हणतो, “माताजी, शौक की चीज़ है.” ज्याला शौक आहे त्याच्या गळ्यात बांध म्हटलं आणि निघाले.

मागच्या गल्लीत एक म्हातारा शाळांचे बिल्ले छापतो. पत्र्याची चकती, वर चित्र, वरून चकचकीत कागद, मागे टाचणी, दाबयंत्राखाली एकदा दाबलं की झालं. त्याच्याकडे एक पाकीट पडून होतं. कुठल्याशा शाळेने पुस्तक वाचणारं घुबड छापून घेतलं आणि मग घुबड नको म्हणून नेलंच नाही. एका चहाच्या पैशात दोन पडत होते.

“पूरे तीस हैं,” तो म्हणाला. “इसी भाव में अलग-अलग मिला दूँ? तितली है, तिरंगा है, क्रिकेट है.”

“नहीं. एक सरीखे दो.”

“बच्चे तो अलग-अलग माँगते हैं, माताजी.”

“मैंने तीन पाले हैं. आपने कितने?”

गप्प बसला आणि पाकीट बांधलं.

आता मी एकसारखे का घेतले ते ऐका. संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण लुटायचं तर आम्ही एकच वस्तू घेतो, पंचवीस डब्या तर पंचवीस डब्या, एका रंगाच्या. हिला मोठी, तिला लहान असं झालं की वर्षभर ऐकावं लागतं. चाळीस वर्षं मी असंच वाण लुटलं आणि एकीलाही बोलायला जागा ठेवली नाही. द्यायची वस्तू म्हटली की माझा हात एकसारख्या वस्तूवरच जातो.

मुक्ताने पाकीट पलंगावर ओतलं. एक उचललं, दुसरं उचललं, मग सगळी उलटीपालटी केली. तिचं तोंड उतरलं.

“आजी, ही सगळी एकच आहेत.”

“मग?”

“मग एकाला एक दिलं की दुसरं तो कशाला घेईल? आणि अर्णव तर एकही घेणार नाही. पत्र्याचं आहे. तो हसेल.”

स्वयंपाकघरात प्राजक्ता आधीच हसत होती. भांड्यांच्या आवाजात लपवलंन, पण मला ऐकू आलं.

मी गॅलरीत जाऊन बसले. खाली आरती संपली होती. सतरंजीवर बारा-पंधरा मुलं, मधे अर्णव राजासारखा. आणि सतरंजीच्या कडेला, पायाचा अंगठासुद्धा आत जाणार नाही असे मोजून उभे राहिलेले सात जण. इस्त्री करणाऱ्या प्रेसवालीच्या दोघी, चौकीदाराची एक, बाकी आमच्यातलेच, पण आईबाप नाही म्हणणारे. बिल्ला बघायला माना पुढे काढत होते आणि सुलभा खुर्चीवरून म्हणत होती, “मागे, मागे व्हा.”

मला कळवळा वगैरे आला असं कुणी समजू नये. मला सुलभाची सतरंजी उधळायची होती.

मी मुक्ताला आणि पाकिटाला घेऊन खाली गेले, त्या सातही जणांना बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातावर एक-एक घुबड ठेवलं. “आता तुमच्याकडे द्यायला आहे. जा, बसा.”

गेले, बसले. तिचाच नियम होता, ती काय बोलणार. खुर्चीवरून उठून माझ्याकडे मात्र आली.

“गणपतीत घुबडं वाटताय, वहिनी?”

“लक्ष्मीचं वाहन आहे. तुमच्या घराकडे फिरकलं नसेल, म्हणून ओळख नाही.”

मग मी मुक्ताला सांगितलं, “सतरंजीवरच्या एकेकाकडे जा. एक घुबड दे, तो देईल ते घे. वाईट दिलं तरी घे. फक्त घुबड फितीच्या मागच्या बाजूला लावायचं असं वचन घे. आणि अर्णवला द्यायचं नाही.”

“का?”

“मी सांगते म्हणून.”

पोर हुशार निघाली. पहिल्या संध्याकाळी चार बदलले, दुसऱ्या संध्याकाळी आणखी. प्रत्येकाकडे एकच हवं होतं आणि आमच्याकडे प्रत्येकासाठी एक होतं. जुन्या साडीचा काठ कापून मी तिला आणि त्या सातांना फिती करून दिल्या होत्या. तिच्या फितीवर फुलपाखरू आलं, पतंग आला, चंद्र आला. ते सातही जण त्याच वचनावर आपली पहिली घुबडं बदलून बसले होते, त्यांना मी दुसरी दिली, मागच्या बाजूला लावायला. मग लहानांनी त्याचं काय केलं कोण जाणे, ज्याच्याकडे घुबड आहे तो दुसऱ्याला भेटला की फीत उलटी करून दाखवायचा आणि दोघं मिळून घूं घूं करायचे. प्रसादाच्या रांगेत घूं घूं, जिन्यात घूं घूं. प्रेसवालीची धाकटी तर इस्त्रीचे कपडे परत द्यायला आली ती दारात घूं करूनच.

अर्णवला कुणी घूं केलं नाही.

त्याने मुलांकडे मागून पाहिलं. मागच्या बाजूचं मागायचं नाही, असं मुलांनीच त्याला ऐकवलं. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तो आमच्या दारात आला, हातात दोन बिल्ले.

“आजी, डायनासोर आणि रॉकेट दोन्ही देतो. मला एक घुबड द्या.”

“एकास एक. तुझ्याच आजीचा नियम आहे. आणि मला काय हवंय ते तुला माहीत आहे.”

त्याने दोन्ही बिल्ले मुठीत धरले. खालचा ओठ हलायला लागला होता. त्या पोराचा तसा काही दोष नव्हता. मला ते दिसलं, समजलं, आणि तरी मी दार लावून घेतलं.

चतुर्दशीला सकाळी मंडपात उत्तरपूजेची तयारी चालली होती. मी दूर्वा निवडत होते, मुक्ता शेजारी. अर्णव आला, मुठीत काहीतरी धरून, आणि त्याच्यामागे सुलभा, साडी अर्धी नेसलेली.

“अर्णव, अरे वेडा आहेस का? पितळ देऊन पत्रा घेतोस?”

“सगळ्यांकडे आहे, आजी,” तो म्हणाला. “माझ्याकडेच नाही.” मुक्तासमोर मूठ उघडली. “बदलतेस?”

मुक्ताने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “बदलते.”

घुबड त्याच्या हातात गेलं. त्याने ते तिथल्या तिथे फितीच्या मागे लावलं, उलटं करून दाखवलं, आणि दोघांनी एकदम घूं केलं. चौकीदाराच्या मुलीने लांबून साथ दिली. पोरगा हसला. आल्यापासून पहिल्यांदा मी त्याला दात दाखवून हसताना पाहिलं.

सुलभा माझ्याकडे वळली. “एवढ्याशा लेकराला एकटं पाडून घेतलंत, वासंतीवहिनी.”

“तुम्ही सात लेकरांना उभं ठेवलं होतंत,” मी म्हटलं. “मी एकालाच.”

तिने पाठ फिरवली. मी मुक्तापुढे हात केला. “आण तो.”

मुक्ताने मूठ मिटली.

“माझा आहे.”

“मुक्ता. आजोबांचा आहे तो.”

“तू मला दिलास. मी अर्णवला दिला. आता मी बदलून घेतला.” आठ वर्षांची पोर, हनुवटी वर. “झालेला सौदा झाला.”

सुलभा जायला निघाली होती, ती थांबली. तिला हे ऐकायचं होतं.

मी कनवटीचं घुबड काढलं. शेवटचं होतं, मी माझ्यासाठी ठेवलेलं. “हे घे. एकास एक.”

“घुबड आहे माझ्याकडे,” मुक्ता म्हणाली.

सुलभा हसली. तोंडावर पदर न घेता, मोकळी हसली. एकतीस वर्षांत तिला मी एवढं सुख दिलं नव्हतं.

मुलं वेगवेगळं मागतात, असं देवास गेटच्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं तेव्हा मी त्याला गप्प केलं होतं. आता मला गप्प करणारी माझ्याच घरची, माझ्याच हातची वेणी घातलेली. मी खांद्यावर हात नेला आणि पदराची पिन काढली. चांदीची, वर मोर, खाली दोन घुंगरं. लग्नात आईने दिलेली. भुसावळहून हिच्यासकट आले होते.

मुक्ताने ती उलटी केली, घुंगरं कानाशी हलवून पाहिली, टोक बोटाला लावून पाहिलं.

“ही थोडी वाकडी आहे,” ती म्हणाली.

“दे इकडे तो बिल्ला.”

“आणि पेंग्विन मी परत देणार नाही.”

“पेंग्विन मागितलाय कोणी?”

तिने बिल्ला माझ्या हातावर ठेवला. कोमट होता, अर्णवच्या आणि तिच्या मुठीतून आलेला. मी तो मुठीत धरून उभी राहिले, तर खांद्यावरून पदर घसरला.

“वहिनी, पदर सांभाळा,” सुलभा म्हणाली. “उगाच लोक म्हणतील, बदलताना अंगावरचंसुद्धा गेलं.”

मी पदर वर घेतला, नीट चुण्या केल्या आणि त्यावर ह्यांचा बिल्ला लावला. जाड टाचणी कापडातून पटकन जाईना, जोर लावावा लागला. मग मिरवणूक निघाली तेव्हा सुलभाच्या अगदी समोरून चालत गेले. रस्ता रुंद होता, जायची गरज नव्हती. तरी वळून एकदा आणखी गेले.